'गुगलणे' आणि 'अनफ्रेंड': नामाचं क्रियापद होतं तेव्हा

परवा अमळनेरला भाचीची नववीची वही चाळत होतो. इंग्रजी निबंधात तिने लिहिलं होतं, 'आय गूगल्ड द मीनिंग'. बाईंनी 'गूगल्ड'भोवती लाल गोल काढून शेजारी 'सर्च्ड' लिहिलं होतं आणि अर्धा मार्क कापला होता. मला ते फार लागलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने 'गूगल' क्रियापद म्हणून २००६ सालीच घेतलं आहे. शिवाय दोन्हींचा अर्थ एक नाही. बसस्टँडवर राहून गेलेली पिशवी 'सर्च' करता येते, 'गूगल' करता येत नाही. पोरीने नेमका शब्द वापरला होता.

नाम उचलून तसंच क्रियापद म्हणून वापरायची इंग्रजीची खोड जुनीच. 'हँड' म्हणजे हात, आणि हातात देणंही. इंटरनेटमुळे असे शब्द भराभर रुळले: टेक्स्ट, मेसेज, फ्रेंड. 'अनफ्रेंड' ऑक्सफर्डच्या अमेरिकन कोशाने २००९ चा शब्द म्हणून निवडला. पण हे क्रियापद इंग्रज धर्मगुरू आणि लेखक थॉमस फुलर यांच्या १६५९ च्या लिखाणातही सापडतं. मतभेद झाला तरी आपली मैत्री तुटली नसावी, असं त्यांना म्हणायचं होतं. आता अर्थ उरला फेसबुकसारख्या ठिकाणी मित्रांच्या यादीतून नाव काढण्याचा. माझ्या चुलतभावाने मला गेल्या वर्षी अनफ्रेंड केलं आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्याकडेच मांडे जेवून गेला. फुलर यांच्या अर्थाने आम्ही अनफ्रेंड झालोच नाही.

मराठीत असा शब्द आला की आपण त्याला 'कर', 'टाक', 'मार' जोडतो. गूगल कर, मेसेज टाक. मावशी अहिराणीत 'गूगल करी ले' म्हणते. पण नामधातू, म्हणजे नामापासून बनलेली क्रियापदं, आपल्यालाही नवे नाहीत: हात–हाताळणे, लाथ–लाथाडणे, पाणी–पाणावणे. मग 'गुगलणे' का नको? गंमत अशी की 'गुगलून बघ' सर्रास ऐकू येतं, 'मी रोज गुगलतो' मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. शब्द 'ऊन' रूपापर्यंत येऊन थांबलाय.

प्रतिसाद (शहादा): कोशात आहे म्हणून पेपरात चालेलच असं नाही, दादा. पोरांना औपचारिक इंग्रजी शिकवायचं असतं. बाईंचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही.

उत्तर: ताई, औपचारिकतेचा मुद्दा मान्य. मग समासात 'हा शब्द बोलण्यातला' एवढं लिहायचं होतं. लाल गोल म्हणजे 'असा शब्दच नाही', आणि भाचीने तोच अर्थ घेतला. तिने पुढच्या दोन निबंधांत 'लुक फॉर', 'सर्च' आणि 'फाइंड' एवढ्यावरच भागवलंय.

नंदुरबार, तळोदा, रावेरकडच्या मंडळींनी सांगावं: तुमच्याकडे 'गुगललं', 'गुगलतो' अशी रूपं कोणी बोलतं का? अहिराणीत किंवा लेवा बोलीत असेल तर आख्खं वाक्य लिहा.