मदत हवी आहे: पितळी कप एकतर खडबडीत होतो, नाहीतर फाटतो

पत्रेकाम: पितळी पत्र्याचे कप डीप ड्रॉ करतोय (डायमध्ये दाबून खोल ओढतोय). अ‍ॅनिलिंग (तापवून पत्रा मऊ करणं) जास्त झालं की बाहेरून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो, बफिंगनेही जात नाही. कमी केलं तर तळाच्या गोलाईपाशी फाटतो. ग्रेनचा (धातूतल्या बारीक स्फटिककणांचा) घोळ आहे एवढं कळतंय. थिअरी नको, तापमान सांगा. काम अडलंय.

भट्टीवाला: जास्त म्हणजे किती? पितळ ७०-३० (तांबं-जस्त) की दुसरं? जाडी?

सीमारेषा: ग्रेन बारीक करा, विषय संपला. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) यांचा नियम आहेच: व्यास पाव केला की ग्रेनच्या सीमांमुळे मिळणारी ताकद दुप्पट होते. डिस्लोकेशन (स्फटिकातले सरकणारे दोष, ज्यांच्यामुळे धातू वाकतो) सीमेपाशी अडतात.

भट्टीवाला: अहो, त्यांना ताकद कुठे हवीय? पत्रा सहज ओढला जायला हवाय. बारीक ग्रेननेच फाटत असेल.

उष्णधातू: मुळात बारीक ते चांगलं हेच सरसकट खरं नाही. जास्त तापमानाला, क्रीपमध्ये (भाराखाली धातू हळूहळू लांबत जातो तेव्हा), सीमाच घसरतात. म्हणून जेट इंजिनात एकस्फटिकी, म्हणजे ग्रेनच्या सीमाच नसलेली, पाती वापरतात.

सीमारेषा: इथे क्रीप कुठून आला?

पत्रेकाम: ७०-३०, ०.५ मिमी. ७०० अंशांना खडबडीत, ४५० ला फाटतो. आता सांगा!

जुनाजाणता: ओढलेले कप अमोनियाजवळ ठेवू नका. आतल्या ताणाने नंतर आपोआप तडकतात.

सूक्ष्मदर्शी: ग्रेन मोजलाय का? तो ०.१ मिमी झाला असेल तर जाडीत जेमतेम पाच ग्रेन बसतात. मग पृष्ठभागावरचा प्रत्येक ग्रेन आपापल्या दिशेने सरकतो, त्याचेच उंचवटे दिसतात. ०.०३५ मिमीच्या आसपास आणा. पण अ‍ॅनिलिंगआधी पत्रा कितपत रोल झालेला असतो?

पत्रेकाम: मऊच येतो. सपाट करायला रोलमधून हलका पास देतो, जाडी चारेक टक्के कमी होते.

सूक्ष्मदर्शी: मग तिथेच बघा! एवढ्याशा ताणाने नव्या ग्रेनची बीजं मोजकीच तयार होतात आणि तीच फोफावतात. ग्रेन ढोबळ होणारच. एक कप पास न देता, अ‍ॅनिलिंगही न करता, आला तसा ओढून बघा. रोल करायचाच असेल तर चांगला ४०-५० टक्के करा, मग ५५० पासून चाचणी घ्या. प्रत्येक वेळी ग्रेन मोजा.

भट्टीवाला: आणि ते ७०० अंश पत्र्यावरचे की भट्टीच्या भिंतीपाशी मोजलेले? थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कुठे बसवलंय?