९ स्पीडचे गियर काही केल्या बसेनात, आरडीचं (रिअर डिरेलरचं) नक्की काय करू?

टेकडीवरचा
मंडळी नमस्कार. कोथरूडला राहतो, घरी तीन एमटीबी (माउंटन बाइक) आहेत आणि त्या सगळ्या बाल्कनीत, त्यामुळे कपडे वाळत घालायला जागा नाही हा विषय रोजचाच. एक जुनी २६ इंची चाकांची, ८ स्पीड, दोन वर्षं टायर बसलेल्या अवस्थेत उभी. एक २९ ची, एअर फोर्कवाली, ती बरी चालते. आणि मधली २७.५, ती मी स्वतः जमवतोय, फ्रेम सेकंडहँड घेतली आणि एकेक पार्ट लावत गेलो. त्रास हिचाच.

शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका) शिमानो डिओर ९ स्पीड, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) ९ स्पीड, ११-३२ दात्यांची, चेन नवी. आरडी, म्हणजे मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, मित्राने दिला, त्याने त्याची सायकल १ बाय १२ (पुढे एक चकती, मागे बारा) केली तेव्हा काढलेला, तोही डिओरच, एकदम नव्यासारखा. म्हटलं डिओरला डिओर, बसणारच. तर मागच्या छोट्या दोन चकत्यांवर चेन छान पळते, तिथून पुढे खडखड सुरू आणि सगळ्यात मोठ्या दोनवर तर जातच नाही. बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करायचा नॉब) फिरवून मधलं जुळवलं की खालचं बिघडतं. केबल बदलली, आउटर (तिच्यावरची नळी) बदलली, एल लिमिट स्क्रू (आरडी मोठ्या चकतीकडे कुठवर जाईल ते ठरवणारा) जवळजवळ पूर्ण बाहेर काढला, शून्य फरक. रविवारी वेताळ टेकडीच्या चढावर चेन मधल्याच चकतीवर अडकून बसली, शेवटी ढकलत नेली आणि मॉर्निंग वॉकवाल्या चार जणांकडून चार सल्ले ऐकले. दुकानात दाखवलं तर म्हणाले पूर्ण सेट बदला. पण सगळं नवंच लावायचं असेल तर मी जमवतोय कशाला?

अजून दोन शंका. मागचा डिस्क ब्रेक किंचाळतो आणि धरतही कमी. शिमानोचा हायड्रॉलिक आहे, त्यात गाडीचं ब्रेक ऑइल चालेल का, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळतंय. आणि पेडल मारताना करकर येते, कुठून ते कळत नाही.

मुरूम_आणि_माती
आधी हँगर (फ्रेमला आरडी जिथे लागतो तो तुकडा) बघा, सेकंडहँड फ्रेम आहे ना, मग वाकलेला असण्याची शक्यता भरपूर. तो मुद्दाम मऊ धातूचा देतात, सायकल उजव्या कुशीवर आडवी पडली की फ्रेमऐवजी तो वाकतो. महागडा गेज लागतो असं काही नाही. २६ चं मागचं चाक काढा, क्विक रिलीजचा दांडा उपसून घ्या, एक्सलचं जे टोक बाहेर येतं त्याचे आटे हँगरच्या भोकात बसतात. आरडी काढून ते चाक तिथे पिळून बसवा आणि मागून उभं राहून बघा, दोन्ही चाकं समांतर दिसायला हवीत, वर खाली पुढे मागे सगळीकडे सारखं अंतर. नसेल तर त्याच चाकाला धरून हलकेच सरळ करा, दांडगाई नको, आटे गेले तर नवा हँगर शोधत फिरावं लागेल आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.

टेकडीवरचा
भारी युक्ती आहे राव. केलं आत्ता. थोडा आत वळलेला होता, सरळ केला. खडखड जरा कमी झाली पण मोठ्या दोन चकत्या अजूनही नाहीतच 😐

जुनी_चेन
आरडीच्या पाठीमागे नंबर लिहिलेला असतो, तो सांगा. मित्राने १२ स्पीड करायच्या आधी त्याच्याकडे किती स्पीड होतं?

टेकडीवरचा
काका, आरडी-एम६१० लिहिलंय. त्याचं बहुतेक १० होतं, विचारतो.

जुनी_चेन
विचारू नका, सापडलं. एम६१० हा १० स्पीडचा आहे. माझाही एक आठवडा यात गेलेला आहे म्हणून लगेच ओळखलं, त्या आठवड्यात घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

शिमानोने एमटीबीत ९ वरून १० ला जाताना केबल ओढण्याचं गणितच बदललं. तुमचा ९ स्पीडचा शिफ्टर एका क्लिकला साधारण २.५ मिमी केबल ओढतो. जुन्या आरडीत त्याचं १.७ पट होतं, म्हणजे आरडी सव्वाचार मिमीच्या आसपास सरकतो, आणि कॅसेटच्या दोन चकत्यांमधलं अंतर तेवढंच, ४.३५. तुमच्या १० स्पीडच्या आरडीत मात्र साधारण १.२ पट होतं, म्हणजे क्लिकला ३ मिमी. आठ क्लिकमध्ये जायचंय ३५ मिमी आणि हा जातोय २४. मोठ्या चकत्या कुठून मिळणार? केबल कितीही ताणा, ताणल्याने सुरुवात पुढे सरकते, पाऊल मोठं होत नाही. आणि लिमिट स्क्रू ही फक्त भिंत आहे, तुमचा आरडी भिंतीपर्यंत पोचतच नाहीये तर भिंत हलवून काय होणार.

आता महत्त्वाचं. तो एल स्क्रू तुम्ही बाहेर काढून ठेवलाय. योग्य आरडी लावला की तो मोठ्या चकतीवर जाईल आणि तिथे न थांबता सरळ स्पोकमध्ये शिरेल. चढावर जोर लावलेला असताना हे झालं तर आरडी, हँगर आणि चार स्पोक एकदम जातात. त्यामुळे आधी एल स्क्रू आत घ्या, स्टँडवर हाताने पेडल फिरवत मोठ्या चकतीवर नेऊन बघा, मगच टेकडीची गोष्ट.

बोपदेव_रोज
काकांना +१. मग १० चा शिफ्टर घ्या ना, आरडी चांगला आहे तर.

जुनी_चेन
घेता येईल, पण मग कॅसेट आणि चेनही १० ची लागेल, म्हणजे दुकानवाला म्हणाला तिथेच पोचलो. त्यापेक्षा टेकडीवरचा, ती २६ ची ८ स्पीड आहे म्हणालात, तिच्यावर शिमानोचा आरडी आहे का?

टेकडीवरचा
हो, एसेरा. गंज नाही, धूळ आहे.

जुनी_चेन
झालं मग. ८ आणि ९ च्या आरडीचं गणित एकच आहे, तेच १.७ पट. तो काढा, जॉकी व्हील (आरडीतली छोटी दातेरी चाकं) धुवा, इकडे लावा. ३२ ची चकती त्याला झेपते.

मुरूम_आणि_माती
आणि ते गाडीचं ब्रेक ऑइल अजिबात नको हां! गॅरेजमध्ये मिळतं ते डॉट, शिमानोला मिनरल ऑइल लागतं. डॉटने आतले रबरी सील फुगतात, मग कॅलिपर आणि लीव्हर दोन्ही बदला. तसंही किंचाळणं ऑइल कमी झाल्याने होत नाही. एक विचारू का, चेनला स्प्रेवालं लुब मारता?

टेकडीवरचा
…हो. बाल्कनीत.

मुरूम_आणि_माती
😂 तेच रोटरवर (ब्रेकच्या डिस्कवर) उडलंय. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, रोटर स्वच्छ फडक्याने पुसा, बोट लावू नका. पॅड काढून बारीक पॉलिश पेपरवर घासा, तेल आत मुरलं असेल तर नवेच घ्या, ते उकळून तव्यावर भाजून वगैरे व्हिडिओ आहेत, मी भाजून पाहिलेत, घरभर वास आणि ब्रेक तसाच. मग रिकाम्या उतारावर पंधरा वीस वेळा वेगातून जोरात दाबा पण पूर्ण थांबू नका, पॅड बसतो. आणि इथून पुढे लुब थेंबाथेंबाने, चेनच्या आतल्या बाजूने.

बोपदेव_रोज
रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा कधी, जुने आरडी दिसतात अधूनमधून. फक्त मागचा नंबर वाचून घ्या 😄

टेकडीवरचा
अपडेट. एसेरा लावला, एल स्क्रू आत घेतला, अर्ध्या तासात नऊच्या नऊ चकत्या टकाटक!! काका तुम्हाला चहा लागू. संध्याकाळी तळजाईला जाऊन आलो, चढावर एकदाही चेन उडाली नाही. ब्रेकचे पॅड गेलेलेच होते, मागवलेत. आता २६ ला आरडी नाही, ती अजून खोलीभर पसरलीय, त्यावर बायकोने फक्त बघितलं. करकर मात्र आहेच.

जुनी_चेन
उभं राहून पेडल मारल्यावर येते की बसल्यावर? बसल्यावरच येत असेल तर सीटपोस्ट काढून पुसून ग्रीस लावा. उभं राहूनही येत असेल तर आधी पेडल खोला, ग्रीस लावून परत बसवा, बीबीला (फ्रेममधल्या क्रँकच्या बेअरिंगला) हात सगळ्यात शेवटी. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, लक्षात ठेवा, नाहीतर पान्ह्याला लोंबकळाल आणि ते अजून घट्ट होत जाईल.