राज्यशास्त्रातील पीएच.डी.साठी उपशाखा कशी ठरवावी?

प्रश्न:
पीएच.डी.च्या अर्जात उपशाखा नमूद करावयाची आहे. संघराज्यांतील घटक राज्यांमध्ये नदीच्या पाण्यावरून होणारे तंटे हा माझा विषय आहे. तो तौलनिक राजकारणात बसतो, लोकप्रशासनात की आंतरराष्ट्रीय संबंधांत, याचा निर्णय होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
उपशाखा विषयावरून नव्हे, तर त्याविषयी आपण विचारीत असलेल्या प्रश्नावरून ठरते. काही संघराज्यांत तडजोड होते आणि काहींत तंटा वर्षानुवर्षे चिघळत राहतो, याचे कारण शोधायचे असेल तर ते तौलनिक राजकारण होय. लवादाचा निवाडा झाल्यावर त्याची अंमलबजावणी नेमकी कोठे अडते, हे पाहायचे असेल तर लोकप्रशासन. आणि वरच्या खोऱ्यातील लोकांचा पाण्यावर अधिक हक्क का मानावा, हा प्रश्न राजकीय सिद्धांताचा. घटक राज्ये सार्वभौम नसल्यामुळे आंतरराष्ट्रीय संबंध ही उपशाखा मात्र येथे ओढूनताणून आणावी लागेल.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे उदाहरण अवश्य अभ्यासावे. दक्षिण कॅलिफोर्नियात बेसुमार उपशामुळे भूजलात समुद्राचे खारे पाणी शिरू लागले, तेव्हा पाणी वापरणाऱ्यांनीच त्यावर व्यवस्था कशी उभारली, हा त्यांच्या १९६५ मधील प्रबंधाचा विषय होता. पदवी राज्यशास्त्राची, तर २००९ मधील नोबेल अर्थशास्त्राचे! उपशाखेचे कुंपण इतके उंच नसते.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, परंतु संशोधन पद्धतीचा विचार आधी करावा असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दोन-तीन संघराज्यांची सखोल तुलना करायची तर तेथील भाषा, अभिलेखागारे आणि मुलाखती यांना पर्याय नाही. अनेक तंट्यांची आकडेवारी तपासायची तर संख्याशास्त्र पक्के हवे. हा वाद जुना आहे. अमेरिकेत २००० मध्ये ‘पेरेस्त्रोइका’ या नावाने निनावी ईमेल फिरला आणि गणिती पद्धतींच्या वर्चस्वाविरुद्ध तेथील राज्यशास्त्रज्ञांची चळवळच उभी राहिली. ज्या विभागात अर्ज कराल तेथील अलीकडचे प्रबंध चाळा. कोणत्या पद्धतीला तेथे मान आहे, हे लगेच कळेल.

उत्तर ३:
अमेरिकी धर्तीच्या अभ्यासक्रमांत सहसा मुख्य उपशाखेबरोबर दुय्यम उपशाखाही घेता येते. आपण तौलनिक राजकारण मुख्य ठेवून सार्वजनिक धोरण दुय्यम घ्यावे. जेथे थेट प्रबंधालाच सुरुवात होते, तेथे ही सोय बहुधा नसते. म्हणून अशा ठिकाणी पाणीप्रश्नावर काम केलेला मार्गदर्शक मिळतो का, हे अर्जापूर्वीच पत्र लिहून विचारावे.