पॉल रोब्सनवर २० मिनिटं बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

खिडकीतली_तुळस
मंडळी, मदत हवी आहे. मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. लेकीला रटगर्स विद्यापीठात सोडायला गेले होते, तिथे काळ्या ग्रॅनाइटच्या पाट्यांवर एका माणसाचं चरित्र वाचलं. पॉल रोब्सन, कृष्णवर्णीय अमेरिकन. फुटबॉलपटू, कायद्याचा पदवीधर, गायक, नट, आणि वर सरकारने पासपोर्ट काढून घेतलेला! उत्साहाच्या भरात आमच्या वाचनकट्ट्यावर हाच विषय घेते म्हणून सांगून बसलेय. काय ऐकू, काय वाचू, काय गाळू? जन्म-शिक्षण-मृत्यू असा निबंध नकोय.

खर्जातला_सा
ताई, एकच गाणं घ्या, 'ओल मॅन रिव्हर'. १९२८ मध्ये लंडनला 'शो बोट' या संगीत नाटकात तो हे गायला. त्यातला हमाल म्हणतो, जगायचा कंटाळा आलाय आणि मरायची भीती वाटते. पुढे मैफलींत रोब्सनने ती ओळच बदलली: मरेपर्यंत लढत राहायचं. १९३६ च्या चित्रपटातलं आणि नंतरच्या एखाद्या मैफलीतलं, दोन्ही लागोपाठ वाजवा. चाल तीच, माणूस दुसरा. हा बदल अचानक नाही: वेल्सच्या खाणकामगारांशी त्याची दोस्ती आधीचीच. १९३८ मध्ये तो यादवी युद्ध चालू असताना स्पेनला जाऊन सैनिकांपुढे गाऊन आला. तुमची १० मिनिटं इथेच संपतील.

मोबाइलवर मात्र ऐकू नका. मी स्पीकर ओट्यावर ठेवला होता, खालच्या सुरांना डब्यातले चमचे किणकिणायला लागले. बायको आतून म्हणाली, फ्रिज बिघडला वाटतं.

ब्रह्मपुत्र_एक्सप्रेस
+१. आणि 'गंगा बहती हो क्यूँ'ची आठवण करून द्या. भूपेन हजारिका न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना रोब्सनला भेटले होते. त्या गाण्याचं मूळ याच नदीत आहे. कट्टा लगेच जागा होईल.

तिसरी_घंटा
नुसत्या गाण्यांत अडकलात तर आम्हा नाटकवाल्यांवर अन्याय! १९४३ चा ब्रॉडवेवरचा 'ऑथेल्लो' विसरू नका. २९६ प्रयोग. उटा हेगन डेस्डेमोना, होजे फेरर इयागो. दौऱ्यावर निघताना रोब्सनची अट होती: काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना वेगळं बसवणाऱ्या थिएटरात प्रयोग करणार नाही. ध्वनिमुद्रण मिळतं, शेवटचा प्रवेश तेवढा ऐका. संहिता हाताशी ठेवा, नाहीतर निम्मं डोक्यावरून जातं.

पारावरचा
माझं मत पासपोर्टच्या भागाला. १९५० मध्ये पासपोर्ट रद्द, १९५८ मध्ये परत. तेव्हा कॅनडाला जायला पासपोर्ट लागतही नव्हता, तरी १९५२ च्या जानेवारीत त्याला सीमेवर अडवलं. मग व्हँकुव्हरच्या कामगारांना त्याने फोनवरून गाणं ऐकवलं. मे महिन्यात सरळ सीमेलगत ट्रक उभा केला आणि त्याच्या हौद्यावर चढून गायला. गायक अमेरिकेत, श्रोते दोन्ही देशांत. १९५७ मध्ये अटलांटिकखालच्या टेलिफोन केबलवरून लंडनला मैफल! पुस्तक एकच वाचायचं तर त्याचंच 'हिअर आय स्टँड', पातळ आहे. मार्टिन डुबरमनचं चरित्र जाडजूड, ते नंतर.

आपल्याकडचा धागाही आहे. १९५८ ला त्याची साठी भारतात साजरी झाली. नेहरूंनी जाहीर संदेश दिला, समितीचे प्रमुख होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला. अमेरिकन सरकारला ते अजिबात रुचलं नव्हतं.

सरळ_रेघ
आरती चालू आहे म्हणून मधेच बोलतो. रोब्सन स्टालिनच्या सोव्हिएत रशियाची जाहीर बाजू घ्यायचा, त्याचं काय? १९४९ मध्ये मॉस्कोत ज्यू कवी इत्झिक फेफर त्याला भेटला, फेफर तेव्हा कैदेत होता, भेटीपुरता बाहेर आणलेला. रोब्सनने त्याच रात्री... निदान त्याच दौऱ्यात, भर मैफलीत वॉर्सा घेट्टोतल्या ज्यूंच्या नाझींविरुद्धच्या बंडाशी जोडलेलं यिद्दिश (ज्यूंच्या भाषेतलं) गाणं म्हटलं. हे धाडसच. पण अमेरिकेत परतल्यावर जाहीरपणे चकार शब्द नाही. १९५२ मध्ये फेफरला गोळ्या घातल्या आणि त्याच वर्षाचं स्टालिन शांतता पारितोषिक रोब्सनला! हे गाळून २० मिनिटं बोलू नका.

खर्जातला_सा
मान्य. पण त्याआधी दोन मिनिटं न्यू यॉर्क राज्यातल्या पीकस्किल गावचा प्रसंग सांगा. १९४९ चीच गोष्ट, त्याची मैफल ऐकून परतणाऱ्यांच्या बसगाड्यांवर दगडांचा वर्षाव झाला. घरी हे दिसत असताना त्याने रशियाविरुद्ध बोलायचं नाकारलं. चूक ती चूकच, पण कशातून झाली ते कळतं.

खिडकीतली_तुळस
सगळ्यांचे आभार. ठरलं: दोन 'रिव्हर', मग ट्रक, मग फेफर. ऑथेल्लो गाळतेय, तिसरी_घंटा, रागावू नका. लेक म्हणते फिलाडेल्फियात तो शेवटची वर्षं बहिणीकडे राहायचा ते वॉलनट स्ट्रीटचं घर बघता येतं. चौकशी करून एखाद्या शनिवारी निघणार आहोत. गाडीत दोन जागा आहेत, जवळपासचं कुणी येतंय का?