ड्रुपल १०: गुळाच्या पट्टीच्या फॉर्ममध्ये मधली ओळ काढली की शेवटचीच जाते

शाहूपुरीकर

मार्केट यार्डातल्या एका गूळ अडतीसाठी ड्रुपलच्या (वेबसाइट बनवायच्या प्रणालीच्या) कस्टम मॉड्यूलमध्ये पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्री-हिशेबाचा, फॉर्म करतोय. शेतकऱ्याचं नाव वर एकदाच, खाली माल ओळीओळीनं: रव्याचं (गुळाच्या ढेपेचं) वजन, नग, प्रत, क्विंटलचा दर आणि 'काढा' बटण. 'ओळ वाढवा' नीट चालतं.

घोळ काढण्यात आहे. समजा तीन ओळी आहेत: ३० किलोचे ४० रवे, १० किलोचे २५, १ किलोचे १००. दुसरी काढली की पडद्यावर ३० आणि १० किलोच्या राहतात, १ किलोची गायब. आधी फॉर्म-स्टेटमध्ये (ड्रुपल फॉर्मची चालू माहिती ठेवतं तिथं) फक्त ओळींची संख्या ठेवून ती एकनं कमी करत होतो. मग ओळींचा ॲरे ठेवला, त्यातून दुसरी काढून ॲरे-व्हॅल्यूजनं नंबर परत लावले आणि डिफॉल्ट व्हॅल्यूही दिली. तरी तेच. शिवाय कुठलंही 'काढा' दाबलं तरी कधीकधी भलतीच ओळ जाते.

रंकाळा_कट्टा

दोन वेगळे दोष आहेत, एकत्र शोधू नका.

पहिला नंबरांचा. अजॅक्सनंतर (अख्खं पान न बदलता सर्व्हरशी बोलल्यावर) फॉर्म पुन्हा बांधला जातो तेव्हा ड्रुपल ब्राउझरकडून आलेला कच्चा इनपुट आधी बघतं. त्या जागेला इनपुट असेल तर डिफॉल्ट व्हॅल्यूकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही ओळ १ (० पासून मोजून, म्हणजे दुसरी) काढून ओळ २ ला नंबर १ दिलात, पण इनपुटमध्ये १ च्या जागी अजून १० किलोचेच आकडे बसलेत.

म्हणून नंबर परत लावूच नका. फॉर्म-स्टेटमध्ये ओळखक्रमांकांचा ॲरे ठेवा, [०, १, २], आणि पुढच्या क्रमांकाचा काउंटर वेगळा. काढताना तेवढाच क्रमांक ॲरेतून उडवा, राहिलं [०, २]. वाढवताना काउंटरचा आकडा घ्या आणि काउंटर एकनं पुढे न्या. ओळी मोजून क्रमांक दिलात तर [०, २] ची मोजणी दोन, म्हणजे पुन्हा २ च, आणि दोन ओळी एकमेकींवर चढतील. ओळींच्या कंटेनरला '#ट्री' ट्रू हवंच, म्हणजे प्रत्येक ओळीचे आकडे वेगळे राहतात.

दुसरा दोष बटणांचा. सगळ्यांचं '#व्हॅल्यू' 'काढा' आणि '#नेम' दिलंच नाही, तर सगळ्यांना 'ऑप' हेच नाव मिळतं. कुठलं दाबलं ते ड्रुपल नाव आणि व्हॅल्यूवरून ठरवतं, मग त्याला फरक कळणार कसा? '#नेम' मध्ये 'काढा_' च्या पुढे ओळीचा क्रमांक जोडा. बटणावर '#ओळ' अशी स्वतःची प्रॉपर्टीही ठेवा आणि सबमिट हँडलरमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) गेट-ट्रिगरिंग-एलिमेंटमधून, म्हणजे दाबलेल्या बटणावरून, ती वाचा. लेबल तोडून आकडा काढू नका, भाषांतर बदललं की बसलं.

शाहूपुरीकर

ओळी आता बरोबर जातात, धन्यवाद. पण रिकामी ओळ काढायला गेलं की 'दर आवश्यक आहे' म्हणून अडतं. आणि 'ओळ वाढवा' पहिल्यांदा चालतं, दुसऱ्यांदा दाबलं तर पडद्यावर काहीच होत नाही.

कळंबा_कोडर

दर अडतो त्यावर: वाढवा आणि काढा, दोन्ही बटणांना '#लिमिट-व्हॅलिडेशन-एरर्स' ला रिकामा ॲरे द्या, म्हणजे त्या दाबाला फील्ड तपासणीच्या चुका अडवत नाहीत. बटणाला स्वतःचा '#सबमिट' हँडलर असेल तरच ते लागू होतं. त्याची किंमत एवढीच की त्या हँडलरमध्ये गेट-व्हॅल्यूज (फॉर्मची तपासलेली मूल्यं) जवळपास रिकामं मिळतं. तिथं बेरीज करायला जाऊ नका. टाइप केलेले आकडे मात्र जात नाहीत, कच्च्या इनपुटमधून परत भरले जातात.

दुसऱ्यांदा काही होत नाही, ते रॅपरमुळे, म्हणजे अजॅक्स पानावरचा जो डिव्ह बदलतं त्यामुळे. कॉलबॅकमधून (अजॅक्सला उत्तर देणाऱ्या फंक्शनमधून) जो भाग परत येतो तो रॅपरच्या आत बसत नाही, अख्ख्या रॅपरची जागा घेतो. रॅपरचा डिव्ह त्या भागाच्या बाहेर असेल तर पहिल्या दाबात तो आयडीसकट पुसला जातो, दुसऱ्या वेळी बदलायला काही उरतच नाही. म्हणून डिव्ह त्याच कंटेनरच्या '#प्रीफिक्स' आणि '#सफिक्स' मध्ये, आयडी हातानं लिहून. 'एडिट-' नं सुरू होणाऱ्या आपोआपच्या आयडीवर विसंबू नका, अजॅक्सनंतर त्याला शेपूट लागतं.

कॉलबॅकमध्ये ओळी वाढवू-कमी करू नका, तो फक्त कंटेनर परत देतो. बदल सबमिट हँडलरमध्ये, आणि शेवटी सेट-रिबिल्ड, म्हणजे फॉर्म पुन्हा बांधायची सूचना.

रंकाळा_कट्टा

जतन करताना आधी क्लीन-व्हॅल्यूज चालवा, नाहीतर प्रत्येक ओळीत 'काढा' बटणही डेटा म्हणून येतं. क्रमांकांत खड्डे असतील (०, २, ५), तेव्हा ० पासून मोजत जाणाऱ्या लूपऐवजी फॉर-ईच वापरा. ॲरे-व्हॅल्यूज लावायची जागा इथं आहे.

पट्टी मोठी होत असेल तर पीएचपीचं 'मॅक्स-इनपुट-व्हार्स' बघा. मुळात ते १००० असतं. ओळीला चार फील्ड म्हणजे अडीचशे ओळींच्या आतच शेवटचे आकडे गळायला लागतात, पडद्यावर काही न सांगता.

आणखी एक: फॉर्मची कॅश मुळात २१६०० सेकंद, म्हणजे सहा तास टिकते. सकाळच्या सौद्याला ओळी वाढवून ठेवल्या आणि संध्याकाळी जतन केलं, तर फॉर्म सुरुवातीच्या एका ओळीचाच बांधला जातो. सेटिंग्ज फाइलमध्ये 'फॉर्म-कॅश-एक्स्पिरेशन' वाढवा.

कळंबा_कोडर

पट्टी नोड (ड्रुपलचा तयार मजकूर-प्रकार) म्हणून साठवणार असाल तर मात्र हे सगळं हातानं करण्यात अर्थ नाही. पॅरेग्राफ्स मॉड्यूल लावा, ओळ वाढवणं-काढणं त्यात तयार मिळतं. साध्या अमर्याद फील्डलाही १०.२ पासून कोअरमध्येच काढायचं बटण आहे. हिशेब स्वतःच्या टेबलात जाणार असेल तर वरचीच वाट धरा.