मदत हवी आहे: बेळगावहून नेपाळला स्वतःची गाडी न्यायची आहे, परमिट कुठून काढायचं?

उद्यमबागकर:

नमस्कार मंडळी,

बेळगावात उद्यमबागेत आमचं लहानसं ट्रान्सपोर्ट आहे. केए-२२ पासिंगच्या दहाचाकी गाड्या, कास्टिंग आणि मशीनिंगचा माल. पुणे, चाकण, हुबळी, राजकोट ही आमची नेहमीची लाईन. ज्यांचं काम आम्ही वर्षानुवर्षं करतो, त्या एका मशीनशॉपला नेपाळातल्या साखर कारखान्याची ऑर्डर मिळाली आहे. मिलचे पिनियन, बेअरिंग हाउसिंग असा जड माल आहे. कारखाना बिहारमधलं रक्सौल आणि पलीकडचं बीरगंज ही सीमेवरची गावं ओलांडून पुढे, नेपाळच्या 'बारा' नावाच्या जिल्ह्यात. माल आमच्याच गाडीतून थेट कारखान्याच्या गेटपर्यंत जावा, अशी मशीनशॉपच्या मालकांची इच्छा आहे आणि माझीही.

कारण सांगतो. रक्सौलला माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा म्हणजे पुन्हा क्रेन आली, साखळदंड आले. मशीनिंग केलेल्या फेसवर एक टोला बसला की तो पीस गेला. इथे आमची माणसं लाकडी ठोकळे लावून, ग्रीस मारून, ताडपत्री बांधून माल भरतात. तिथे अनोळखी यार्डात ते कोण बघणार?

नॅशनल परमिट आहे, वर्षाचे १६,५०० भरतो. त्यावर देशात कुठेही जाता येतं. कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात जाणं तर आमचं रोजचंच. पण देशाबाहेर गाडी न्यायची झाली तर कागद कोण देतं, हे इथे कुणालाच नीट सांगता येईना. आरटीओच्या बाहेर बसणारा एक एजंट म्हणाला, बीबीआयएनचं परमिट काढावं लागतं, मी काढून देतो, आणि वर आगाऊ पैसे मागितले. दुसरा म्हणतो टीआयआर कार्नेट लागतं. तिसरा म्हणतो काहीच लागत नाही, बिनधास्त जा. अशा बोलण्यावर मी दोन हजार किलोमीटरवर माणूस पाठवू शकत नाही.

ड्रायव्हर खानापूर तालुक्यातला आहे, वडिलांच्या काळापासून आमच्याकडे. तो तयार आहे. पण तिकडे अपघात झाला, गाडी अडली, तर त्याच्यामागे कोणता कागद उभा राहील? त्याच्याकडे पासपोर्ट नाही. आधार आहे, मतदान ओळखपत्र आहे. ओळखपत्रावर कन्नड मजकूर आहे, तिकडे चालेल का? इथला विमा तिकडे लागू होतो का? आणि ईवे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) रक्सौलपर्यंत करायचं की कारखान्यापर्यंत? ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

निपाणीचा मोटारवाला:

भाऊ, पहिलं काम म्हणजे त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांचा मोटार वाहन करार, म्हणजेच बीबीआयएन, १५ जून २०१५ ला थिंफूत झाला हे खरं. पण भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहाने तो नाकारला. मग २०१७ मध्ये भूतानने बाकीच्या तिघांना पुढे जायला सांगितलं, २०२२ मध्ये दिल्लीत तिघांची पुन्हा बैठक झाली. त्या कराराखालचं परमिट बेळगाव आरटीओतून काढून देतो असं कुणी म्हणत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. टीआयआर हे सील न तोडता एकामागून एक देश ओलांडणाऱ्या मालासाठी आहे. भारत त्यात २०१७ ला आला. तुमचा माल शेजारच्या देशात उतरणार, तुम्हाला त्याची गरज नाही.

नेपाळची गोष्ट निराळी आहे. भारत-नेपाळ व्यापार चालतो तो दोन देशांच्या जुन्या व्यापार कराराखाली, आणि माल घेऊन गेलेल्या आपल्या गाडीला आत जाता येतं. गाडीची परवानगी सीमेवर, पलीकडच्या भन्सार कार्यालयात मिळते. भन्सार म्हणजे त्यांचं कस्टम. आरसी बुक आणि लायसन्स दाखवून गाडीची नोंद होते, दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरावं लागतं आणि दिलेल्या मुदतीत गाडी परत आली पाहिजे. ती पावती ड्रायव्हरने जिवापाड जपायची. मुदत उलटली तर दंड. आणि तिकडे आतल्या आत दुसऱ्याचं भाडं मारायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. परतीचं भाडं अलीकडे येऊन रक्सौल-मुझफ्फरपूरकडून बघायचं.

रक्सौलला मालाच्या गाड्या एकात्मिक तपासणी नाक्यातून जातात. लँड पोर्ट्स ऑथॉरिटीचं मोठं यार्ड आहे, काटा आहे, पलीकडे बीरगंजचा तसाच नाका. आपल्या कस्टमने सोडल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणून हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे पैसे, किती दिवसांनंतर लागणार आणि ते कोण देणार, हे पार्टीकडून गाडी भरण्याआधी लिहून घ्या. मालकांशी कितीही घरोबा असला तरी लिहूनच घ्या.

विम्याचं तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, बहुतेक जण विचारत नाहीत. आपली पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव या देशांसाठी ती वाढवून मिळते, त्या एन्डोर्समेंटचं नाव आयएमटी-१. विमा कंपनीला अर्ज करून थोडा जादा प्रीमियम भरायचा आणि कागद हातात आल्यावरच गाडी सोडायची. मालाचा ट्रान्झिट विमाही कारखान्याच्या गेटपर्यंतचा आहे ना, हे मालकांना विचारा. कित्येकदा तो सीमेपर्यंतच काढलेला असतो.

टिळकवाडीची कागदवाली:

मी बेळगावातल्या एक्स्पोर्टवाल्यांचे कागद करते, म्हणून मालाच्या बाजूचं लिहिते. दादा, तुमच्या आणि मालकांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवा. निर्यातदार ते आहेत. आयईसी (आयात-निर्यातीचा) क्रमांक त्यांचा, परकीय चलनाचा व्यवहार बघणाऱ्या बँकेच्या एडी कोडची नोंद त्यांची, जीएसटी न भरता माल पाठवायचा तर आरएफडी-११ फॉर्ममधलं एलयूटी (हमीपत्र) त्यांचं, आणि ते दर आर्थिक वर्षाला नव्याने करावं लागतं. जमिनीवरून जाणाऱ्या मालाला शिपिंग बिल नसतं, बिल ऑफ एक्स्पोर्ट असतं. ते रक्सौलचा कस्टम ब्रोकर भरतो. गाडी निघायच्या आधी ब्रोकर ठरलेला हवा आणि इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट त्याच्या हातात पोचलेली हवी. गाडी यार्डात उभी आणि इन्व्हॉइसवर वजन चुकलेलं, हे मी खूपदा पाहिलंय. तुमच्या बिल्टीवरचं (मालवाहतुकीच्या पावतीवरचं) वजन, नगांची संख्या आणि इन्व्हॉइस तंतोतंत जुळवून घ्या. पलीकडचे कागद आणि जकात कारखान्याचा तिकडचा एजंट बघेल, त्याचा नंबर मात्र ड्रायव्हरकडे हवा.

ईवे बिल लागतंच. नेपाळला लागत नाही असं कुणी सांगितलं तर ती सूट तिसऱ्या देशातून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रान्झिट मालाला आहे, तुमच्या मालाला नाही. प्रकार एक्स्पोर्ट निवडायचा आणि पोचण्याचं ठिकाण म्हणून रक्सौलचा पिनकोड टाकायचा, ८४५३०५. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, म्हणजे तुम्हाला दहाएक दिवस मिळतील. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घेता येते, ते काम ऑफिसात बसलेल्या माणसाने लक्षात ठेवायचं.

ड्रायव्हरसाठी मतदान ओळखपत्र चालतं. आपल्या लोकांना नेपाळला व्हिसा नाही, पासपोर्ट नसला तरी हरकत नाही. कर्नाटकच्या ओळखपत्रावर कन्नडसोबत इंग्रजीतही नाव असतं, त्यामुळे काळजी नको. पण नुसत्या आधारवर पाठवू नका. १५ ते ६५ वयाच्या माणसाला नेपाळसाठी आधार हा प्रवासाचा कागद म्हणून धरत नाहीत. किन्नर (गाडीचा क्लीनर) बरोबर असेल तर त्याचंही मतदान ओळखपत्र बघा. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी ते काढलेलंच नसतं.

अथणीकर:

वेळेचं बघा. तिकडेही गाळप आपल्यासारखंच थंडीच्या तोंडावर सुरू होतं, म्हणजे सुटे भाग त्याआधी बसायला हवेत. नेमके तेव्हाच दशैं आणि तिहार (तिकडचे दसरा-दिवाळी) येतात, आणि सणात भन्सारचं काम मंदावतं. एरवीही तिकडे सुट्टी शनिवारची, आपली रविवारची. शुक्रवारी संध्याकाळी रक्सौलला पोचलात तर गाडी सोमवारपर्यंत अडकलीच समजा. आणि आपल्याकडेही एकदा हंगाम लागला की ऊस-साखरेच्या भाड्यांमुळे पर्यायी गाडी मिळत नाही.

उद्यमबागकर:

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. एजंटाला आजच नकार कळवला. मालकांशी बोललो. एलयूटी चालू वर्षाचं आहे, पण रक्सौलचा ब्रोकर अजून ठरलेला नाही. तो ठरेपर्यंत गाडी भरणार नाही, असं स्पष्ट सांगितलंय. आयएमटी-१ साठी उद्या विमा कंपनीत जातो. किन्नराचं ओळखपत्र खरोखरच नाही, त्यामुळे त्याच्याऐवजी आमचा दुसरा ड्रायव्हर बरोबर जाईल. एवढ्या लांबच्या पल्ल्याला स्टिअरिंगवर दोन माणसं असलेली बरीच.

एकच विचारायचं राहिलंय. मिरज, सोलापूर, नांदेड, नागपूर, जबलपूर, वाराणसी असा रस्ता धरलाय. वाराणसीहून पुढे गोरखपूरकडून जावं की पाटण्याकडून? जड माल आहे, त्यामुळे पुलांची आणि रस्त्याची आत्ताची स्थिती माहीत असलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल. आणि रक्सौलच्या यार्डात ड्रायव्हरांच्या जेवणाची, झोपायची काय सोय आहे, तेही लिहा.