विषय: शाळेत येणारं अपील कोर्ट आणि आपली मुलं

मंडळी, नमस्कार.

डेन्व्हर परिसरातल्या पालकांसाठी. कोलोरॅडोचं सुप्रीम कोर्ट आणि कोर्ट ऑफ अपील्स हायस्कूलच्या सभागृहात जाऊन खऱ्या खटल्यांची सुनावणी घेतात. १ मे १९८६पासून हा उपक्रम चालू आहे, ‘कोर्ट्स इन द कम्युनिटी’ या नावाने. तुमच्या मुलांच्या शाळेला ही संधी आली तर त्या दिवशी सुट्टी काढून तुम्हीही जा. बाहेरच्यांसाठीही थोड्या जागा असतात.

मुलांना आधी एवढं सांगा, की इथे साक्षीदार नसतात, ज्युरी नसते. खालच्या कोर्टात जे नोंदलं गेलं त्यावरच वाद होतो. वकील उभा राहतो, दोन वाक्यं होत नाहीत तोच न्यायमूर्ती त्याला अडवून विचारतात. ती प्रश्नोत्तरंच खरी ऐकण्यासारखी. कायद्याचं तेच कलम वाचून दोन अभ्यासू माणसं उलट टोकांना पोचतात आणि तरी आवाज चढत नाही, हे आपल्या मुलांनी समोर बसून पाहावं असं मला फार वाटतं.

मराठी शाळा, मोठ्यांचा वर्ग

---

ताई,

कल्पना चांगली आहे, पण एक खटकतं. मी सांगलीला उमेदीची वर्षं वकिली केली. कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, यावं म्हणून सहा जिल्ह्यांतले वकील कित्येक वर्षं झगडले, तेव्हा कुठे १८ ऑगस्ट २०२५ला काम सुरू झालं. ते पक्षकाराची मुंबईची खेप वाचावी म्हणून. इथे कोर्ट निघतं ते विद्यार्थ्यांसाठी. ज्याचं अपील आहे तो कदाचित तुरुंगात असेल आणि त्याच्या शिक्षेवरचा वाद शेकडो पोरांपुढे! त्याचा विचार कोणी करायचा?

एक ज्येष्ठ सभासद

---

काका,

तुमचा प्रश्न मुलांपुढे आधीच ठेवायला हवा, हे पटलं. फक्त एक लक्षात घ्या, ही दोन्ही कोर्टं एरवी जिथे बसतात त्या डेन्व्हरच्या राल्फ कार न्यायभवनातही ही सुनावणी खुलीच असते, कोणीही जाऊन बसू शकतं. शाळेत आली म्हणून ती लुटुपुटूची होत नाही. तेच न्यायमूर्ती, तीच वेळेची मर्यादा, आणि निकाल नंतर लेखी येतो, तो दोन्ही पक्षांना लागू. सुनावणी संपल्यावर मुलं वकिलांना प्रश्न विचारतात, न्यायमूर्तींनाही. पण समोरच्या खटल्याबद्दल न्यायमूर्ती काही बोलत नाहीत, कारण तो अजून त्यांच्यापुढे प्रलंबित असतो. ही मर्यादा मुलांना दिसते, ते मला मोलाचं वाटतं.

ज्यांचं नाव त्या इमारतीला आहे ते राल्फ कार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलोरॅडोचे गव्हर्नर होते. जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना डांबून ठेवण्याविरुद्ध ते जाहीरपणे बोलले. परक्या देशातून आलेल्यांच्या मुलांना ही गोष्ट माहीत असायलाच हवी. मी वर्गात सांगणार आहे.

दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद आधीच उपलब्ध करून देतात. ते न वाचता गेलं तर पहिल्या दहा मिनिटांत मुलं फोन काढतील. म्हणून एखाद्या रविवारी शाळा सुटल्यावर एक प्रकरण मराठीतून समजावून द्याल का? अपीलकर्ता कोण, त्याचं काय पणाला लागलं आहे, इथूनच सुरुवात करा. पालकांनीही थांबावं, ही विनंती.

मराठी शाळा, मोठ्यांचा वर्ग